क्रेनवरचा खेकडा: एका सूचनाफलकाचं प्रकरण

भांडुपला एलबीएस मार्गालगतची एक फॅब्रिकेशन शेड धरा. कारखाना नमुन्याचा आहे, हिशेबाला सोपे पडावेत असे आकडे घेतले आहेत. चुका मात्र खऱ्या कामात रोज होणाऱ्या आहेत.

शेडची लांबी 60 मीटर. वर दुहेरी गर्डरची 10 टनी ईओटी क्रेन, म्हणजे छताखाली रुळांवरून चालणारी विजेची क्रेन; स्पॅन, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 18 मीटर; खालून पेंडंटवर, म्हणजे लोंबत्या बटणांच्या पेटीवर चालणारी. बाहेर यार्डात प्लेटा उतरवायला एक रफ टेरेन क्रेन, म्हणजे खडबडीत जमिनीवर टायरांवर चालणारी. क्रेनबरोबर आलेलं मॅन्युअल इंग्रजीत. त्यातला सुरक्षेचा भाग आणि रोजची चेकलिस्ट मराठीत हवी म्हणून व्यवस्थापनाने ते एका भाषांतर संस्थेकडे दिलं. हेतू रास्तच होता. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 108 नेही कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात अशी अट घातली होती. मजकूर आला, पेंटरने पत्र्यावर रंगवला, फलक शिडीजवळच्या खांबावर चढला. त्यातल्या तीन ओळी अशा:

«क्रेन चालू असताना खेकड्यावर उभे राहू नये.»
«देखभालीपूर्वी खेकडा शिडीच्या बाजूस उभा करावा.»
«खेकडे पकडताना आढळल्यास काम थांबवून पर्यवेक्षकास कळवावे.»

पहिल्या दोन ओळींवर शेडमध्ये पोटभर हसून झालं. तिसरीवर फारसं कोणी हसलंही नाही. भांडुपच्या शेडमध्ये खेकडे पकडायला कोण येणार, म्हणून ती ओळ सगळ्यांनी सोडून दिली. आणि नेमकी तीच ओळ कामाची होती. फलक लागला त्या सुमारास क्रेन तिरकी चालायला लागली होती. चाक रुळाला घासल्याचा चिरका आवाज ऑपरेटर, खलाशी (क्रेनला माल बांधणारे), फिटर सगळेच ऐकत होते. कोणीतरी रुळाच्या कडेला ग्रीस फासलं, आवाज दबला, काम पुढे चालू राहिलं. वार्षिक तपासणीला क्रेन उघडली तेव्हा एका ड्राइव्ह चाकाची (मोटरने फिरणाऱ्या चाकाची) फ्लँज, म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणारी कड, निम्म्यावर झिजलेली निघाली आणि रुळाच्या आतल्या अंगाला चकचकीत पट्टा पडलेला होता.

इंग्रजी मॅन्युअलने हे आधीच सांगून ठेवलं होतं. तिथे शब्द होता «क्रॅबिंग».

वरची ट्रॉली

ईओटी क्रेनच्या हालचाली तीन. सगळा पूल शेडच्या लांबीने जातो ती लाँग ट्रॅव्हल, शेडच्या बोलीत एलटी. पुलावरून आडवं जाणं म्हणजे क्रॉस ट्रॅव्हल, सीटी. तिसरी हॉइस्ट, म्हणजे हूक वर-खाली. सीटीमध्ये जे धूड गर्डरवरच्या रुळांवरून सरकतं त्याला मॅन्युअलमध्ये आणि ड्रॉइंगमध्ये क्रॅब म्हणतात. लोखंडी चौकट, खाली चार चाकं, वर हॉइस्टची मोटर, ब्रेक, गिअरबॉक्स, रोपचा ड्रम, सीटीची वेगळी मोटर आणि लिमिट स्विच. हुकाला लागलेला सगळा भार आधी या चौकटीवर येतो, तिथून चार चाकांवर, चाकांवरून गर्डरवर आणि मग दोन टोकांच्या एंड कॅरेजमधून (पुलाच्या चाकांच्या चौकटींमधून) शेडच्या रुळावर.

त्यावर उभं राहू नका असं का, हे एकदा वर चढून पाहिलं की कळतं. छताच्या कैच्या आणि क्रॅब यांच्यात माणूस सरळ उभा राहील एवढी जागा बहुतेक शेडमध्ये नसते. बाजूला ड्रम फिरत असतो, त्यावर रोप गुंडाळला जात असतो. आणि पेंडंट हातात धरलेल्या ऑपरेटरला खालून वरचा माणूस दिसत नाही. देखभालीआधी क्रॅब शिडीच्या टोकाला आणून ठेवायचा तोही यासाठीच, की फिटरला हत्यारं घेऊन पुलाच्या मध्यापर्यंत जावं लागू नये.

मग «क्रॅब»ला मराठीत काय म्हणायचं? पहिला विचार «ट्रॉली»चा येतो, कारण बहुतेक शेडमध्ये माणसं वरच्या त्या धुडाला ट्रॉलीच म्हणतात. पण याच शेडमध्ये जमिनीवर दोन ट्रॉल्या आहेत: एक प्लेटांची, एक गॅस कटिंगच्या सिलिंडरची. «ट्रॉलीवर उभे राहू नका» अशी पाटी लावली की नवा हेल्पर सिलिंडरच्या ट्रॉलीकडे बघणार. तिथेही उभं राहू नये हे खरं, पण इशारा तो नव्हे. म्हणून शेवटी ठरलं ते «क्रॅब (वरची ट्रॉली)», आणि फलकावर शेजारी रेघांचं साधं चित्र, त्यात क्रॅब तेवढा लाल.

खेकडा चालला नसता का? प्राण्याचं नाव वस्तूला देण्यात मराठीला काहीच वावगं वाटत नाही. रंगकाम करणाऱ्याची घोडी कोणालाही कळते. फरक एवढाच, की घोडी हे नाव ती वापरणाऱ्यांनी दिलं आणि इथला खेकडा फाइलमधून उतरला. उद्या एखाद्या शेडमधली माणसं आपण होऊन क्रॅबला खेकडा म्हणायला लागली, तर तोच शब्द फलकावर घालावा.

याच्या उलट टोकाचा मोहही टाळायला हवा. «उच्चालक गाडा» असलं काही घडवून मजकूर शुद्ध केला तर हसणारेही उरणार नाहीत, कारण वाचणारेच उरणार नाहीत. क्रेनखालच्या खलाशांची भाषा आधीच सात समुद्रांची आहे. हूक खाली सोडायला «आरिया» आणि वर घ्यायला «हाबेस» अशी हाळी आजही ऐकू येते. हे जहाजावरच्या लस्करांकडून, म्हणजे जुन्या जहाजी खलाशांकडून, आलेले शब्द, त्यातला आरिया पोर्तुगीज खलाशांचा. त्या माणसांना «क्रॅब» जड जाईल ही भीती ऑफिसात बसून वाटते.

तिरकी चाल

आता तिसरी ओळ. क्रॅब हा भाग आहे आणि क्रॅबिंग हा दोष. शब्द एका घरचे दिसले तरी या क्रेनमध्ये त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. क्रॅबिंगमध्ये सगळा पूल तिरका होतो. एक एंड कॅरेज पुढे, दुसरी मागे, आणि चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या चाकांच्या फ्लँज रुळाच्या कडेला दाबून घासतात. आधी आवाज येतो. मग रुळाखाली बारीक चकचकीत कीस पडलेला दिसतो. मग एलटीची मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होऊ लागते. फार ताणलं तर झिजलेली फ्लँज रुळाच्या डोक्यावर चढू शकते, आणि त्यानंतर काय होईल ते सांगायला नको.

कारण शोधायचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडला की दिवस वाया जातात. आधी क्रेन रिकामी, क्रॅब पुलाच्या मध्यावर, आणि शेडच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोन्ही दिशांना एक एक फेरी. घासणं ठरावीक टप्प्यातच होत असेल तर संशय रुळावर: तिथे स्पॅन कमी-जास्त झाला आहे, क्लिप सैल आहे, किंवा जोड सरकला आहे. पूर्ण लांबीभर होत असेल तर चाकं किंवा ड्राइव्ह. फक्त सुरू होताना आणि थांबताना पूल वाकडा होत असेल तर दोन बाजूंचे ब्रेक सारखे लागत नाहीत, किंवा दोन मोटरींचा वेग सारखा चढत-उतरत नाही. नंतर क्रॅब एका टोकाला नेऊन तीच फेरी. क्रॅबचं वजन एकाच बाजूला आलं की ती बाजू मागे पडते. थोडं पडणारच, पण फरक फार असेल तर मूळ दोष त्यात आणखी भर घालतो आहे.

आमच्या नमुन्यात घासणं पूर्ण लांबीभर होतं, रूळ मोजल्यावर ठीक निघाले. राहिली चाकं. दोन्ही एंड कॅरेजना स्वतंत्र मोटर, म्हणजे दोन ड्राइव्ह चाकं. ती मोजताना कॅलिपर घेऊन व्यास काढण्यापेक्षा स्टीलची टेप चाकाच्या चालत्या पृष्ठभागावर गुंडाळून घेर मोजावा. व्यासातला 2 मिलिमीटरचा फरक घेरात 6.3 मिलिमीटर होऊन दिसतो, त्यामुळे चूक लपत नाही. इथे एक चाक 400 मिलिमीटरचं आणि दुसरं 398 चं निघालं. बेअरिंग गेलं म्हणून मागे एकाच बाजूचं चाक बदललं होतं, जुनं तसंच ठेवलं होतं.

2 मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. हिशेब करून बघा. फरक अर्ध्या टक्क्याचा. 60 मीटरच्या फेरीत दोन्ही चाकांनी सारखेच फेरे घेतले तर मोठं चाक 300 मिलिमीटर पुढे गेलं पाहिजे. प्रत्यक्षात एवढं जात नाही, कारण फ्लँज रुळाला टेकून पुलाला धरून ठेवते आणि इंडक्शन मोटरही थोडी स्लिप खाऊन, म्हणजे वेग जरा कमी-जास्त करून, सांभाळून घेते. पण त्या 300 मिलिमीटरचा हिशेब कुठेतरी चुकता होतोच, आणि तो फ्लँजच्या लोखंडातून होतो.

फासलेल्या ग्रीसने नेमकं उलटं काम केलं. कडेला लावलेलं ग्रीस पसरून रुळाच्या डोक्यावर येतं, त्या बाजूचं ड्राइव्ह चाक घसरतं आणि पूल आणखी तिरका होतो. आवाज मात्र कमी होतो, त्यामुळे सगळ्यांना बरं वाटतं.

इलाज म्हणून दोन्ही ड्राइव्ह चाकं एकाच मापाला टर्न केलेल्या जोडीने बसवली, ग्रीस पुसून काढलं, रुळाची कड ग्राइंड केली. चाकं बसवल्यावर चारही चाकांच्या मध्यांमधले दोन कर्ण मोजून ते सारखे आहेत का तेही पाहायचं असतं. हे काम बहुतेकदा राहून जातं. असं काम चालू असताना त्याच रुळावर दुसरी क्रेन असेल तर अंतराचा प्रश्न येतो. कारखाने अधिनियमाच्या कलम 29 मध्ये रुळावर किंवा रुळाजवळ काम करणाऱ्या माणसापासून 6 मीटरच्या आत क्रेन येऊ न देण्याचा नियम घातला होता. मेन स्विच बंद करून कुलूप लावणं आणि रुळावर अडण बांधणं, दोन्ही हवं.

आता फलकाकडे परत. «क्रॅबिंग» हा शब्द मराठी फलकावर लागतोच कशाला? ऑपरेटरला दोषाचं नाव नको असतं, खूण हवी असते. काय दिसलं, काय ऐकू आलं की थांबायचं, एवढं सांगितलं की झालं. शेडमधली माणसं आधीपासून म्हणतच होती, «क्रेन तिरकी पळते», «चाक घासतंय». भाषांतरकाराने फक्त ते उचलायचं होतं.

यार्डात त्याच शब्दाचा तिसरा अर्थ

एवढं झाल्यावर संस्थेच्या शब्दसूचीत दुरुस्ती झाली: क्रॅबिंग म्हणजे तिरकी चाल, दोष. आणि आठवड्याभरात नवी चूक तयार. यार्डातल्या रफ टेरेन क्रेनच्या केबिनमध्ये स्टिअरिंगचा मोड निवडायचा स्विच असतो. त्यावर तीन खुणा: फक्त पुढची चाकं वळतात तो मोड, पुढची एकीकडे आणि मागची उलटीकडे वळतात तो, ज्यात क्रेन कमी जागेत फिरते, आणि चारही चाकं एकाच दिशेला वळतात तो. तिसऱ्याचं नाव क्रॅब. त्यात क्रेनचं तोंड सरळच राहतं आणि सगळी क्रेन कडेकडेने तिरकी सरकते. भिंतीलगत किंवा रचलेल्या प्लेटांच्या बाजूला चिकटून जायचं असेल तर याच्यासारखी सोय नाही.

म्हणजे शेडमध्ये जो दोष, तीच यार्डात सोय. नव्या सूचीने यार्डाच्या मजकुरात «क्रॅब मोड»चं «तिरकी चाल (दोष)» करून टाकलं. ऑपरेटरने ते गंभीरपणे घेतलं तर तो मोड वापरणारच नाही. आणि जिथे वापरायला हवा तिथे पुढच्या चाकांवर वळवावळवी करत बूम (क्रेनचा लांब हात) कुठेतरी अडकवून बसेल.

इथे मराठीत «क्रॅब मोड: चारही चाकं एकाच बाजूला» एवढं पुरतं. त्याखालची ओळ जास्त महत्त्वाची: मागची चाकं सरळ करून, क्रेन थांबवून मगच मोड बदला. मागची चाकं वळलेली असताना मोड बदलला तर ती तशीच वाकडी राहतात, आणि ऑपरेटरला वाटतं आपण सरळ चाललो आहोत.

स्टोअरच्या यादीतही एक क्रॅब होता, क्रॅब विंच. हाताने फिरवायचा, दोन दांड्यांचा, खटक्याचा. खलाशी त्याला क्रॅबच म्हणतात आणि डिप्लोमा केलेल्या कोणालाही तो अप्लाइड मेकॅनिक्सच्या प्रयोगामुळे पाठ असतो. त्याचं वेग गुणोत्तर: दांड्याच्या लांबीची दुप्पट भागिले ड्रमचा व्यास, गुणिले मोठ्या चक्राचे दाते भागिले पिनियनचे (लहान चक्राचे) दाते. दांडा 400 मिलिमीटर, ड्रम 200, दाते 80 आणि 20 असतील तर वेग गुणोत्तर 16. यादीत याचंही «खेकडा» झालं होतं. स्टोअरकीपरने ती ओळ पेनाने खोडली आणि कोणाला काही बोलला नाही. अशा न बोलता केलेल्या दुरुस्त्यांमुळे मूळ चूक वर्षानुवर्षं जागच्या जागी राहते.

चूक शिरली कुठून

भाषांतरकाराला क्रेन माहीत नव्हती हे सोपं उत्तर. ते पुरेसं नाही. ज्याने लांब वाक्यं केली त्याने बाकीचं मॅन्युअल चांगलं केलं होतं. हॉइस्ट, बफर, लिमिट स्विच सगळं जागेवर होतं.

घोळ ट्रान्सलेशन मेमरीत होता. हे सॉफ्टवेअर पूर्वी केलेली वाक्यं साठवून ठेवतं आणि तसंच वाक्य पुन्हा आलं की जुनं भाषांतर आपोआप बसवतं. संस्थेने कधीतरी एका हॉटेलचं मेन्यूकार्ड मराठीत केलं होतं. त्यात एक ओळ फक्त एका शब्दाची, क्रॅब. भाषांतर, खेकडा. मेन्यूत ते बरोबरच. मुंबईत चिंबोरी म्हटलं असतं तर जास्त रुचलं असतं. पुढे क्रेनच्या सुट्या भागांची यादी आली. यादीत वाक्यं नसतात, एकेक शब्दाच्या ओळी असतात. तिथे «क्रॅब» एकटाच उभा होता. सॉफ्टवेअरला तो शंभर टक्के जुळला, हिरवा झाला, म्हणजे काम पूर्ण समजून बंद झाला.

आणि हिरव्या ओळीकडे कोणी बघत नाही, कारण ती बघायचे पैसे मिळत नाहीत. या धंद्यात दर शब्दावर असतो आणि पूर्ण जुळलेल्या ओळीला तो नाममात्र असतो, कित्येकदा शून्य. तपासनीसही गाळलेल्या फाइलवर काम करतो. जुळलेल्या ओळी त्याच्या पडद्यावर येतच नाहीत. भागांच्या यादीत एकदा «खेकडा» बसला की शब्दसूचीने तो पक्का धरला आणि सुरक्षेच्या वाक्यांतही तोच घालायला लावला. भाषांतरकाराने शंका घेतली असती तरी यादीतल्या नावाशी विसंगती नको म्हणून त्याला गप्प बसवलं गेलं असतं. «क्रॅबिंग» मात्र मेमरीत नव्हतं, ते यंत्रभाषांतराने केलं आणि खेकडे पकडण्यापर्यंत पोचलं.

म्हणजे दोष ज्ञानाचा कमी आणि पैशाच्या रचनेचा जास्त. सगळ्यात धोक्याची ओळ ती, जी सगळ्यात लहान असते. आणि लहान ओळीलाच सगळ्यात कमी पैसे.

बाकीच्या फायली

मेमरी उघडून «खेकडा» शोधल्यावर आणखी काय काय सापडू शकतं, तेही पाहून ठेवावं, कारण मुंबईत एकाच संस्थेकडे कारखाना, शूटिंग, विमानतळ आणि फ्रोझन फूड अशी सगळी कामं येतात.

शूटिंगच्या सामानाच्या यादीत क्रॅब डॉली येते. कॅमेरा पुढे-मागे नेला तर ट्रॅक, आडवा नेला तर क्रॅब. गोरेगावच्या सेटवर «क्रॅब लेफ्ट» एवढंच पुरतं. चांगल्या डॉलीलाही यार्डातल्या क्रेनसारखाच चारही चाकं एकाच दिशेला वळवायचा मोड असतो. इथे काहीच भाषांतर करू नये. «ट्रॉली»ही नको, कारण युनिटमध्ये ट्रॉली म्हटलं की रुळांवरची ट्रॉली.

वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या टिपणात क्रॅब अँगल असतो. आडव्या वाऱ्यात विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवून ठेवतात म्हणजे वाट धावपट्टीच्या रेषेत राहते. मुंबईच्या 27 क्रमांकाच्या (म्हणजे साधारण 270 अंशांच्या दिशेच्या) धावपट्टीवर उतरताना पावसाळी वारा 240 अंशांकडून 20 नॉट असेल तर आडवा घटक 10 नॉट. वेग 140 नॉट असेल तर नाक सुमारे 4 अंश डावीकडे. चाकं टेकण्याच्या बेताला रडरने (शेपटीच्या सुकाणूने) ते सरळ करायचं. इथे «क्रॅब कोन» चालतो. «तिरकेपणा» चालत नाही, कारण विमान तिरकं होणं म्हणजे एका पंखावर कलणं असाही अर्थ निघतो आणि त्या दोन क्रिया वेगळ्या आहेत.

सगळ्यात जपून करायचं काम खाद्यपदार्थाच्या लेबलचं. क्रॅब स्टिक म्हणून मिळणाऱ्या गुलाबी-पांढऱ्या कांड्या मुख्यतः सुरिमीच्या, म्हणजे धुऊन वाटलेल्या पांढऱ्या माशाच्या लगद्याच्या असतात; सोबत स्टार्च, बऱ्याचदा अंड्याचं पांढरं, आणि खेकड्याचा अर्क किंवा नुसती चव. मेमरीने त्यांना «खेकड्याच्या कांड्या» केलं. माशाची अ‍ॅलर्जी असलेला पण खेकडा चालणारा माणूस हे वाचून निर्धास्त खाईल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलिंग नियमांत मासे, कवचधारी जलचर, अंडी आणि ग्लुटेनची धान्यं या अ‍ॅलर्जीच्या घटकांची स्पष्ट नोंद मागितली आहे, पण गिऱ्हाईक आधी नाव वाचतं, बारीक अक्षरं नंतर. «खेकड्याच्या चवीच्या माशाच्या कांड्या» हे लांबलचक आहे, तरी तेच लिहावं.

आरोग्याच्या पत्रकात क्रॅब लाइस म्हणजे जांघेतल्या केसांतल्या उवा. «खेकडा उवा» वाचून कोणालाच बोध होणार नाही.

आणि एका जागी खेकडा अगदी बरोबर बसतो. 1054 साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटाचा जो अवशेष आहे, त्या क्रॅब नेब्युलाला खेकडा तेजोमेघ म्हणायला हरकत नाही. पण त्याच पानावर पुढे «मिलिक्रॅब» आलं तर हात आखडता घ्यावा. क्ष-किरणांच्या खगोलशास्त्रात या तेजोमेघाची तेजस्विता हेच माप धरतात. एखादा स्रोत त्याच्या हजारांश असेल तर एक मिलिक्रॅब. 2015 मध्ये अवकाशात गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरची क्ष-किरणांची एक उपकरणप्रणाली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली, त्यामुळे असला मजकूर मुंबईत मराठीत यायचाच. एककाचं भाषांतर करत नाहीत, मिलिखेकडा नको.

दुरुस्ती कशी केली

शब्दसूचीत «क्रॅब»ची एक नोंद काढून सहा नोंदी केल्या. प्रत्येकीत क्षेत्र, वस्तू आहे की हालचाल की दोष, एक चित्र किंवा ड्रॉइंगचा क्रमांक, जागेवर बोलला जाणारा शब्द आणि «इथे हे वापरू नका» असा रकाना. शेवटचा रकाना बहुतेक सूचींत नसतो आणि खरं तर तोच कामाला येतो: ईओटी क्रेनच्या नोंदीत «नुसतं ट्रॉली नको, जमिनीवरच्या ट्रॉलीशी गोंधळ», यार्डाच्या नोंदीत «दोष लिहू नका». भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी असावेतच, पण फलक कोण वाचणार हे कोशाला माहीत नसतं.

फलकाच्या तीन ओळी आता अशा:

«क्रेन हलत असताना क्रॅबवर (वरच्या ट्रॉलीवर) उभं राहू नका.»
«वर चढण्याआधी क्रॅब शिडीच्या टोकाला आणा, मग मेन स्विच बंद करून कुलूप लावा.»
«क्रेन तिरकी चालली, चाक रुळाला घासलं किंवा चिरका आवाज आला तर माल खाली ठेवा, क्रेन थांबवा, सुपरवायझरला सांगा. ग्रीस लावू नका.»

तिसऱ्या ओळीत क्रम महत्त्वाचा. नुसतं «क्रेन थांबवा» लिहिलं तर हुकाला 6 टनांचा माल लटकत ठेवून ऑपरेटर सुपरवायझरला शोधायला जाईल. आणि ग्रीसची ताकीद मूळ इंग्रजीत नव्हती. ती भाषांतरकाराने आपल्या मनाने घालायची नसते. मेंटेनन्स इंजिनिअरने लेखी दिल्यावर घातली.

रंगवण्याआधी मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात छापून दोन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरला आणि खलाशांना वाचून दाखवला. «समजलं का?» विचारून काही उपयोग नसतो, सगळे मान डोलावतात. «क्रॅब कुठे आहे, बोट दाखवा» आणि «असा आवाज आला तर आधी काय कराल» असं विचारायचं. दोघांनी हुकाकडे बोट दाखवलं, म्हणून चित्र वाढवलं. मग पेंटर. हिंदीच्या सवयीने त्याच्या हातून «क्रैब» पडतं, कधी चंद्रावर टिंब चढून «क्रँब» होतं, आणि फ्लँजची फलंज तर ठरलेलीच. ओळीत «फ्लँज» ठेवलंच नाही त्याचं हेही एक कारण. बाकीसाठी छापील कागद पत्र्याला चिकटवून त्यावरून गिरवायला दिलं.

संस्थेच्या बाजूने एकच नियम बदलला: तीन शब्दांहून लहान ओळ शंभर टक्के जुळली तरी ती माणसाने बघायची आणि तिला नव्या ओळीचा पूर्ण दर द्यायचा. हिशेब विभागाने यावर कुरकुर केली. भागांच्या याद्या, फलक, स्विचांवरच्या पट्ट्या हे सगळं लहान ओळींचंच असतं, त्यामुळे अशा कामांचं बिल वाढतं. तडजोड म्हणून मेन्यूकार्डं या नियमातून वगळली आहेत.